पुडी, पिशवी आणि घरपोच सामान : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये किराणा दुकानातून सामान बांधून देण्याच्या आणि ते घरापर्यंत पोचवण्याच्या जुन्या पद्धतीविषयीची पत्रे इतकी होती, की हे सदर सगळे त्याच विषयाला दिले आहे. प्रश्न थोडक्यात छापले असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत राहते. तिच्याकडे गेले असताना तिथल्या किराणा दुकानात पैसे देऊन झाल्यावर एका मुलाने आमचे सगळे सामान पिशव्यांत नीट लावून भरले आणि ढकलगाडीवरून मोटारीपर्यंत आणून ठेवले. मला माझ्या लहानपणीचे दुकान आठवले. मुलगी म्हणाली, "आई, ही इकडची पद्धत. आपल्याकडे असे कधी नव्हते." खरेच नव्हते का? आणि असेल, तर ते बंद का झाले? – एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : होते, आणि ते पिशवी भरून देण्यापुरतेही नव्हते. घेतलेला जिन्नस बांधणे, वाटेत तो फुटू नये आणि भिजू नये असा रचणे आणि गिऱ्हाइकाच्या ओटीवर नेऊन ठेवणे, ही तिन्ही कामे कोकणातला दुकानदार विक्रीचाच भाग मानत असे. आपल्या मुलीने पाहिलेली पद्धत आणि आपण लहानपणी पाहिलेली पद्धत या वेगळ्या आहेत खऱ्या, पण त्यांची सुरुवात सारखीच झालेली आहे.

अमेरिकेतला वाणीही एके काळी गल्ल्यामागे उभा राहून यादी ऐकत असे, मागच्या फळ्यांवरून एकेक जिन्नस काढून तोलून-बांधून देत असे आणि घोडागाडीवरून माल घरोघर धाडत असे. १९१६ मध्ये क्लॅरेन्स साँडर्स याने मेम्फिस शहरात 'पिगली विगली' हे दुकान उघडले आणि गिऱ्हाइकाने स्वतः फळ्यांमधून हिंडून हवे ते उचलावे व बाहेर पडताना पैसे द्यावेत, अशी रचना केली. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन याने दुकानात ढकलायची चाकांची गाडी आणली, त्यामुळे हातातल्या टोपलीत मावणार नाही इतकी खरेदी एका खेपेत होऊ लागली. तोलण्या-बांधण्याचे काम गेले, तरी एवढे सामान पिशव्यांत भरून मोटारीपर्यंत नेण्याचे काम उरलेच, आणि ते करणारा मुलगा पैसे घेण्याच्या जागेपाशी उभा राहिला. आपल्याला भेटला तो हा मुलगा.

त्याच्या कामाला आणखी एका वस्तूचा आधार होता. मार्गारेट नाइट या बाईंना सपाट बुडाच्या कागदी पिशव्या करणाऱ्या यंत्राचे पेटंट १८७१ मध्ये मिळाले, आणि १८८३ मध्ये चार्ल्स स्टिलवेल याने बाजूंना चुण्या असलेली, झटका देताच उघडणारी आणि आपली आपण उभी राहणारी पिशवी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पिशवी उभी राहते, म्हणूनच तिच्यात रचून भरता येते. खोकी कडेने लावून भिंती उभारायच्या, डबे तळाला ठेवायचे, थंड जिन्नस एकत्र ठेवायचे आणि अंडी-पाव सगळ्यांत वर ठेवायचे, हे तिथे शिकवले जाते. तिथल्या किराणा व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना पिशव्या भरण्याची स्पर्धासुद्धा भरवते, आणि त्यात वेगाबरोबर पिशवी रचण्याची पद्धत आणि वजनाची विभागणी यांनाही गुण असतात.

आपल्याकडे उभी राहणारी पिशवी नव्हती. गिऱ्हाईक घरून कापडी पिशवी, धडके किंवा गोणपाट घेऊन येई, आणि कापड अंगचे उभे राहत नाही. त्यात साखर, हरभराडाळ आणि हळद सुटी टाकली, तर घरी पोचेपर्यंत सगळ्याची मिसळ होणार. म्हणून इथल्या दुकानदाराचे कसब पुडीत उतरले. प्रत्येक जिन्नस स्वतंत्र, घट्ट, चौकोनी बांधला, की मग तो कशातही घाला, कुठेही दाबला गेला तरी आकार सोडत नाही.

पोचवण्याचे कारण तर आपल्या भूगोलातच आहे. दुकान असते पेठेत किंवा बंदरावर आणि घर असते वाडीत. मध्ये खाडी असते, सडा असतो, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी असते, आणि पावसाळ्यात वाहणारा पऱ्ह्या असतो. मुंबईहून निघणारी आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई; जिथे तिला काठाला लागता येत नसे तिथे ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे व माल पडावातून किनाऱ्याला येत. पावसाळ्यात ही वाहतूक बंदच असे. त्यामुळे आगोटीची खरेदी एकदम होई, म्हणजे तांदूळ, डाळी, गूळ, मीठ, मिरची, तेल आणि रॉकेल असे चार महिन्यांचे सामान मे अखेरीपर्यंत घरात पडायला हवे असे, आणि एवढे ओझे वाडीतल्या घरधनिणीने एकटीने वाहावे, अशी अपेक्षा कोणताही शहाणा दुकानदार करत नसे. सकाळी यादी द्यायची आणि दुपारनंतर दुकानाच्या गड्याबरोबर सामान घरी यायचे, हा रिवाज होता.

रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या एका दुकानात तरीने पलीकडे जायचे सामान कसे भरत, ते मी लहानपणी अनेकदा पाहिले आहे. बांबूचा हारा जमिनीवर ठेवून गडी आधी त्यात गोणपाट अंथरी, त्याची टोके चारी बाजूंना बाहेर सोडलेली असत. तळाला तांदूळ, त्यावर गुळाची ढेप, पण ढेप मधोमध, कारण ती कडेला ठेवली तर हारा डोक्यावर एका अंगाला कलतो. ढेपेभोवती डाळींच्या आणि साखरेच्या पुड्या एकमेकींना चिकटवून बसवायच्या, त्यावर पोहे आणि रवा, आणि अगदी वर चहाची पुडी, काडेपेट्या आणि पापड. अंगाच्या साबणाची वडी चहापासून लांब, हाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाई, कारण चहा वास फार लवकर धरतो. रॉकेलची बाटली हाऱ्यात कधीच घालत नसत. तिच्या गळ्याला दोरी बांधून ती हातात लोंबती नेत. मीठही वेगळे नेत, कारण खाऱ्या वाऱ्यात त्याला पाणी सुटते आणि खालची पुडी भिजते. शेवटी गोणपाटाची बाहेर सोडलेली टोके आत घेऊन वरून सुतळीने आवळले, की डोक्यावर चुंबळ ठेवून हारा उचलला जाई. तरीत बसल्यावर हारा तळाशी साचलेल्या पाण्यात न ठेवता फळीवर ठेवायचा, हे दुकानदार प्रत्येक खेपेला पुन्हा बजावत असे.

जिथे रस्ता होता तिथे एस.टी.ने हे काम केले. संध्याकाळच्या वस्तीच्या गाडीच्या टपावर सामान चढवायचे आणि अमुक फाट्यावर उतरवायला सांगायचे, एवढ्या भरवशावर कितीतरी गावांचा किराणा चालला.

आता हे बंद का झाले ते सांगतो. पुष्कळ जण याचा दोष प्लास्टिकच्या पिशवीला देतात. हातात धरायच्या पातळ पिशवीचे पेटंट स्वीडनच्या 'सेलोप्लास्ट' कंपनीने १९६५ मध्ये घेतले. तिचा कर्ता स्टेन गुस्ताफ थुलिन. अमेरिकेतल्या मोठ्या किराणा दुकानांत ती १९८० च्या दशकात रुळली आणि आपल्याकडेही त्याच सुमारापासून दिसू लागली. तिने कापडी पिशवी घरातच ठेवायला लावली, हे खरे. पण माझ्या मते मोठे कारण तयार पाकीट हे आहे. डाळ, साखर, पोहे, मसाले कारखान्यातूनच अर्धा किलो आणि एक किलोच्या पाकिटांत बंद होऊन आले, तेव्हा दुकानदाराला तोलायचे आणि बांधायचे काहीच उरले नाही. जो माणूस जिन्नस स्वतःच्या हाताने बांधत होता, त्याला तो नीट पोचला की नाही याची काळजी असे. वाटेत पुडी सुटली, तर दुसऱ्या दिवशी त्यालाच बोल लागे. पाकीट फुटले, तर त्याचा दुकानदाराशी संबंध लावायचा कसा? बांधण्याचे काम गेले तशी पोचवण्याची जबाबदारीही हळूहळू गिऱ्हाइकाकडे सरकली. त्यातच वाड्यांपर्यंत रस्ते झाले, रिक्षा दारात येऊ लागली, खाड्यांवर पूल झाले, आणि दाभोळ-धोपावे यांसारख्या ठिकाणी २००३ पासून फेरीबोट वाहनासकट माणसाला पलीकडे नेऊ लागली. या सोयी हव्याच होत्या. तरीही ज्यांच्याकडे गाडी नाही आणि ज्यांच्या गुडघ्यांना पाखाडी झेपत नाही, त्यांची सोय त्यातून झालेली नाही, आणि आजच्या पत्रांतले शेवटचे पत्र त्याविषयीच आहे.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांना पूर्वीच्या दुकानातली पुडी आणि खळीने चिकटवलेली पिशवी करायला शिकवावी, असे मनात आहे. पुडी नेमकी कशी बांधत? आणि वर्तमानपत्राचा कागद वापरला तर चालेल का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : आपला बेत मला फार आवडला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. खाण्याच्या जिन्नसासाठी छापील वर्तमानपत्र वापरू नका. शाईतले घटक अन्नात उतरतात, म्हणून अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी अन्न ठेवायला किंवा गुंडाळायला वर्तमानपत्र वापरण्यास मनाई केली आहे. सरावासाठी वर्तमानपत्र घ्या आणि त्यात वाळू भरा. खरा जिन्नस भरायचा असेल तेव्हा कोरा खाकी किंवा पांढरा कागद घ्या.

पुडीचे मुख्य प्रकार दोन. मोहरी, जिरे, हळद अशा थोड्या जिन्नसासाठी शंकूची पुडी. कागदाचा एक कोपरा डाव्या हाताच्या बोटांत धरून उजव्या हाताने कागद स्वतःभोवती गुंडाळत न्यायचा. सगळे लक्ष टोकाकडे हवे, कारण टोक सैल राहिले तर मोहरी तिथूनच गळते. म्हणून गुंडाळून झाल्यावर टोक किंचित वर दुमडून दाबायचे. जिन्नस भरल्यावर वरच्या दोन बाजू आत मोडायच्या, समोरची बाजू त्यांच्यावर आणायची आणि मागे उरलेले लांब टोक गुंडाळीच्या फटीत खोचायचे. या पुडीला दोरा लागत नाही.

अर्धा किलो किंवा किलोसाठी चौकोनी पुडा. कागद फळीवर पसरून तागडीतला जिन्नस मधोमध ओतायचा. समोरासमोरच्या दोन लांब कडा वर एकत्र आणून दोन्ही मिळून दोन-तीन वेळा खाली दुमडत न्यायच्या, दुमड जिन्नसाला टेकेपर्यंत. मग एका टोकाचा कागद दोन्ही बाजूंनी आत दाबला, की तिथे त्रिकोण होतो. तो खाली मोडून पुडा त्याच टोकावर उभा करायचा आणि फळीवर दोनदा आपटायचा. हे आपटणे मुलांकडून विसरले जाईल, तेवढे पाहा. आपटल्याने दाणे बसतात, वर रिकामी जागा होते आणि दुसरे टोक घट्ट मिटते. जे दुकानदार ही पायरी गाळत, त्यांचा पुडा घरी पोचेपर्यंत सैल पडत असे.

दोरा आढ्याला टांगलेल्या रिळातून खाली येत असे. पुड्यावर तो आधी लांबीने घ्यायचा, खाली पीळ देऊन रुंदीने वळवायचा आणि वर आणून फासाची गाठ मारायची, म्हणजे घरी ती एका ओढीत सुटते. बोट अडकवायला वर लहानसा फास ठेवत. कात्री कोणी वापरत नसे. दोरा बोटाभोवती आडवा-उभा घेऊन झटका दिला, की तो जिथे स्वतःवरून जातो तिथेच तुटतो. मुलांना हे दाखवताना जाड सुतळी घेऊ नका, बोट कापते. कच्चा सुती दोरा घ्या. घरोघरी हे दोरे गुंडाळून त्यांचा गोळा करून ठेवत, आणि फुलांच्या वेण्या बांधण्यापासून वांग्याच्या रोपाला आधार देण्यापर्यंत तो वर्षभर पुरे.

पिशवीसाठी खळ करायची ती मैद्याची किंवा कणकेची, थंड पाण्यात गुठळ्या मोडून मंद आचेवर चकचकीत होईपर्यंत शिजवलेली. पूर्वी तिला कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, तेव्हा शाळेत तो अजिबात नको. लागेल तेवढीच ताजी खळ करा.

प्रश्न : आजोबांची कायमची तक्रार असे, की वाणी कागदासकट तोलतो. असे तोलणे तेव्हा चालत होते का, आणि आज चालते का? – एक वाचक, मालवण

उत्तर : आजोबांची तक्रार रास्त होती. पूर्वी चांगला दुकानदार तागडीच्या दुसऱ्या पारड्यात तेवढाच कागद टाकत असे, आणि गिऱ्हाइकेही तेवढे पाहून घेत. हळद-जिऱ्यासारख्या थोड्या जिन्नसात कागदाचे वजन भारी पडते, म्हणून त्या वेळी विशेष लक्ष ठेवावे. आज वैधमापन अधिनियम, २००९ लागू आहे, आणि गिऱ्हाइकाने ज्याचे पैसे दिले त्या मालाचे वजन वेष्टन सोडून पूर्ण भरले पाहिजे. इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामी पिशवी ठेवून आकडा शून्यावर आणायचे बटण असते. ते दाबायला सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. तक्रार करायची झाल्यास ती जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात करता येते.

प्रश्न : एका मोठ्या दुकानात बिल करताना न विचारता पिशवीचे पैसे लावले. आत जाताना आमची कापडी पिशवी दाराशीच ठेवून घेतली होती. पूर्वी दुकानदार दोऱ्याचेसुद्धा पैसे लावत नसे. हे योग्य आहे का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पिशवीला किंमत असणे गैर नाही, पण ती आधी सांगितली पाहिजे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले, की पिशवीचे पैसे पडतील आणि किती पडतील, हे गिऱ्हाइकाला खरेदीआधी ठळकपणे न कळवता बिलाच्या वेळी ते लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. घरची पिशवी आत नेऊ द्यायची नाही आणि बाहेर पडताना विकतची पिशवी घ्यायला लावायची, हे तर मला फारच अन्यायाचे वाटते. अशा वेळी माल गल्ल्यावरच ठेवून दाराशी ठेवलेली आपली पिशवी मागवून घ्या आणि पिशवीची रक्कम बिलातून कमी करायला सांगा. ऐकले नाही, तर बिल जपून ठेवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा दुकानांनी कागदी आणि कापडी पिशव्या ठेवाव्यात, हे चांगलेच आहे. मात्र आपल्याकडच्या पावसात साधी कागदी पिशवी दुकानाच्या पायरीवरच बूड सोडते. जून ते सप्टेंबर जाड कापडाचीच पिशवी न्या.

प्रश्न : जुन्या दुकानांच्या आठवणी सगळे कौतुकाने सांगतात. मी अशाच एका दुकानात लहानपणी पोऱ्या होतो. शाळा सुटली ती सुटलीच. पुड्या बांधणे, सामान पोचवणे, पोती सरकवणे हे सगळे करून हातात पडायचे ते दोन वेळचे जेवण आणि वर्षाला कपडे. मला त्या आठवणी गोड वाटत नाहीत. हे चुकीचे आहे का? – एक वाचक, खेड तालुका

उत्तर : मुळीच चुकीचे नाही, आणि आपण हे लिहिलेत याबद्दल मी आपला आभारी आहे. ज्या सेवेचे आपण सारे कौतुक करतो, ती कोणाच्या तरी डोक्यावरून आणि पाठीवरून आपल्या घरी आली होती. पुष्कळ ठिकाणी ते डोके बारा वर्षांच्या मुलाचे होते. मी वर ज्या हाऱ्याचे वर्णन केले, तो पुरे भरल्यावर दोघांनी हात लावल्याशिवाय उचलला जात नसे. साखरेचे पोते तर शंभर किलोचे असे, आणि ते गोदामातून पाठीवर आणले जाई. मणके आणि गुडघे लवकर गेलेले हमाल कोकणातल्या प्रत्येक बंदरावर होते.

कायदा या बाबतीत उशिरा आला, पण आला. ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम केला, त्यातून मंडळे स्थापन झाली आणि मोठ्या बाजारांतल्या हमालांना नोंदणी, ठरलेली मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मिळू लागला. गावपेठेतल्या एकट्या दुकानातला गडी मात्र बहुधा त्याच्या बाहेरच राहिला. बालकामगारांविषयीचा कायदा १९८६ चा. त्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही व्यवसायात कामाला ठेवणे हा गुन्हा ठरला. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून हातभार लावण्याची सवलत आहे, पण दुसऱ्याच्या मुलाला "मदतीला ठेवला आहे" असे म्हणून ती घेता येत नाही.

अमेरिकेतही हा प्रश्न सुटलेला आहे, असे कोणी समजू नये. फ्लोरिडातल्या 'पब्लिक्स' या दुकानसाखळीत सामान मोटारीपर्यंत नेऊन देणारा कर्मचारी पगारी असतो आणि तो बक्षिसी घेत नाही. त्याच देशात लष्करी वसाहतींच्या किराणा भांडारांत पिशव्या भरणाऱ्यांना पगार नसतो आणि ते केवळ गिऱ्हाइकांच्या बक्षिसीवर काम करतात. मला यातली पहिली रीत बरी वाटते. सामान उचलणाऱ्याची मजुरी दुकानाच्या हिशेबात धरलेली असावी. ती गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडली, की घाईचा दिवस आणि पावसाचा दिवस त्याच्याच अंगावर पडतो.

आपल्याला एकच विनंती आहे. आपण ते काम केलेले आहे, म्हणून त्यातले बारकावे आपल्याइतके कोणालाच ठाऊक नसतील. ते लिहून काढावेत, आणि जे सोसले तेही त्यातच लिहावे. गिऱ्हाइकांच्या आठवणी पुष्कळ छापून येतात, गड्याच्या जवळजवळ येतच नाहीत.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त डोंबिवलीत असतो. आई गावच्या घरी एकटी राहते, वय सत्तरीच्या पुढे. घर पाखाडीच्या वर आहे. पूर्वी पेठेतला दुकानदार सामान घरी पाठवत असे, आता त्याचा मुलगा "माणूस मिळत नाही" म्हणतो. काय करता येईल? – एक वाचक, मूळ राजापूर तालुका

उत्तर : दुकानदाराचा मुलगा खोटे बोलत नाही, गडी म्हणून कामाला माणूस मिळणे खरेच कठीण झाले आहे, आणि वरचे पत्र वाचल्यावर त्याचे कारणही कळेल. तेव्हा जुनी सेवा फुकट मिळण्याची आशा सोडून तिचे पैसे देण्याची तयारी ठेवा, म्हणजे मार्ग निघतो.

पहिला मार्ग रिक्षावाल्याचा. आईच्या वाडीकडे रोज जाणारा, ओळखीचा रिक्षावाला गाठा, दुकानदाराला महिन्याची यादी फोनवर पाठवा आणि पैसे त्याला परस्पर द्या. रिक्षावाल्याशी भाडे आणि पाखाडी चढून सामान वर नेण्याची मजुरी अशा दोन्ही रकमा वेगवेगळ्या ठरवा. एकच रक्कम ठरवली, की सामान पाखाडीच्या पायथ्याशी ठेवले जाते आणि तिथून वर न्यायला आई कोणाची तरी वाट पाहत बसते. सामान ओटीवर न ठेवता स्वयंपाकघरात, कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेवायचे, हेही बोलण्यातच ठरवून टाका.

दुसरा मार्ग वाडीने मिळून करण्याचा, आणि तो मला अधिक टिकाऊ वाटतो. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत काही कुटुंबांचा मिळून एक संघ असतो, महिन्याचे सामान एका सभासदाच्या घरी एकदम येते आणि तिथे सगळे मिळून ते वाटून घेतात. वाडीतल्या आठ-दहा घरांनी, विशेषतः जिथे बचत गट आधीपासून आहे तिथे, असेच केले, तर छोटा टेम्पो परवडतो आणि वर नेणारी दोन धडधाकट माणसेही एकदाच बोलावता येतात. आपल्या आईसारखी एकटी राहणारी माणसे प्रत्येक वाडीत आता चार-दोन असतातच.

सामान कसे बांधून यावे, तेही दुकानदाराला लिहून कळवा. एकेक पिशवी चार किलोच्या वर नको, म्हणजे आतल्या आत हलवायची झाली तरी आईला ती उचलता येईल. तांदळाचे दहा किलोचे पोते स्वस्त पडते खरे, पण ते तिला सरकवता येणार नाही. ते दुकानातच तीन पिशव्यांत करून घ्यावे. तेल एक लिटरच्याच पिशव्यांत घ्यावे, आणि त्या वेगळ्या डब्यात घालून पाठवायला सांगावे, कारण एक पिशवी फुटली की बाकीचे सगळे सामान वाया जाते. औषधे मागवली असतील, तर ती सगळ्यांत वर, वेगळ्या पुडक्यात ठेवावीत आणि ती आईच्या हातातच द्यावीत.

पावसाळ्याचे सामान मे महिन्यातच भरून ठेवा. अर्जुना आणि कोदवली या नद्यांचे पाणी राजापूरच्या पेठेत शिरले, की दुकानदार स्वतःचाच माल माडीवर चढवण्यात गुंतलेला असतो आणि आपली यादी तशीच पडून राहते. गणपतीच्या आधी चाकरमान्यांच्या गर्दीत दुकानात उभे राहायला जागा नसते, त्यामुळे त्या महिन्याची यादी निदान पंधरवडाभर आधी पाठवा, आणि नारळ व गूळ अशा जड वस्तू पहिल्याच खेपेत घरी जाऊ द्या.